डोळ्याखालचा भोवरा

प्रेरणा रोकडे ही मुलगी जन्माचीच संशयी. दुकानदारानं पुडी बांधून दिली तर ती सोडून बघणार, कुणी "आज छान दिसतेस" म्हटलं तर "काय काम आहे?" असं आधी विचारणार. हॉस्टेलात कधी भात जरा जास्त वाढला, की हिच्या मनात पाल चुकचुकलीच म्हणून समजा. आई म्हणायची, ही पोरगी पोलिसात जायची ती चुकून घोड्यांत गेली.

घोड्यांत गेली हे मात्र खरं. लोहगडवाडीच्या खालच्या अंगाला एका ट्रस्टचं कम्युनिटी कॉलेज आहे. गडावर निघालेली शहरी मंडळी त्याला रिसॉर्ट समजून गाडी आत घालतात आणि लिदीचा वास आला की मागे घेतात. तिथे प्राणिसेवा आणि अश्वविद्येचा एक वर्षाचा कोर्स चालतो. दात बघून वय सांगायचं, खूर खरवडायचे, नाडी मोजायची, पोटदुखी ओळखायची, खोगीर चढवायचं आणि सगळ्यांत जास्त म्हणजे लीद उचलायची. बारावी सायन्स झालेल्या प्रेरणानं नर्सिंग सोडून हा कोर्स धरला तेव्हा बेगडेवाडीच्या वस्तीत भावकीनं नाकं मुरडली. "मेलेली ढोरं ओढायचं काम सुटायला आपल्या माणसांनी काय काय सोसलं, आणि ही परत जनावरांतच चालली," असं एक आजोबा तोंडावर बोलले. त्यावर तिचे पप्पा उठून उभे राहिले. म्हणाले, "मेलेलं ओढणं वेगळं आणि जितं जगवणं वेगळं. माझी पोरगी डॉक्टरच्या बरोबरीनं उभी राहणार आहे." मग कुणाची काय बिशाद!

कारण पप्पा म्हणजे राजेंद्र रोकडे. बेगडेवाडी स्टेशनात पॉइंट्समन, आणि वस्तीच्या विहारात बोलायला उभे राहिले की भल्याभल्या बुवांची बोबडी वळवणारे. नजर लागत नाही, भूत नसतं, मांजर आडवं गेलं तर ते त्याच्या कामाला गेलेलं असतं. शनिवारी रिक्षांना लिंबू, मिरची आणि बिब्ब्याची माळ टांगतात ना, तशी सख्ख्या भाच्याच्या नव्या रिक्षाची माळ त्यांनी सगळ्या स्टँडसमोर तोडून टाकली होती. थोरल्या मुलाची, सुहासची, मोटरसायकल त्यांनी मुद्दाम अमावास्येला घरी आणली. शोरूमवालाच बिचारा म्हणत होता, साहेब, दोन दिवस थांबा. प्रेरणाचा जगात कुणावर डोळे मिटून विश्वास असेल तर तो ह्या माणसावर.

सुहास आता नाही. तीन वर्षांपूर्वी सोमाटणे फाट्यावर कंटेनरनं त्याच्या गाडीला मागून धडक दिली. तेव्हापासून त्या घरात एकच लेकरू उरलं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

कॉलेजात प्रत्येक विद्यार्थ्याला एक घोडा सांभाळायला देतात. प्रेरणाच्या वाट्याला शेवंती आली. तांबूस अंगाची, लांब मानेची, डोळ्यांत माया असलेली घोडी; पुण्याकडच्या कुणा हौशी माणसानं कॉलेजला देऊन टाकलेली. एवढी देखणी घोडी फुकट का दिली, हा प्रश्न प्रेरणाला पडला नसता तरच नवल. उत्तर पहिल्याच दिवशी स्वराज येवलेनं दिलं.

स्वराज तिच्याच वर्गात. कुसगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचा सोपानकाका लोणावळ्याला पॉइंटवर पर्यटकांना घोड्यावरून फिरवतो, घोड्यांची खरेदी-विक्रीही करतो. पोरगं चालायच्या आधी घोड्यावर बसलेलं.

"रोकडे, ही घोडी घिऊ नको," तो म्हणाला. "मॅडमला सांग, दुसरी द्या म्हनावं."

"का? तुला हवी आहे?"

"मला फुकट दिली तरी नको. डाव्या डोळ्याखाली बघ. केसांचा भोवरा हाय का न्हाई? आसूढाळ म्हनत्यात त्याला. आसू गळत्यात तितंच असतोय. असली घोडी धन्याला रडवती. म्हनून तर त्या मानसानं सोडली."

प्रेरणानं बघितलं. होता खरा भोवरा, रुपयाएवढा, गोल फिरलेल्या केसांचा. त्याच दुपारी अनघा मॅडमनी, म्हणजे कोर्सच्या मुख्य डॉक्टरांनी, नेमकं तेच शिकवलं: प्रत्येक घोड्याचे भोवरे वेगळे असतात, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखे, त्यावरून घोडा ओळखायचा. शकुन नाही आणि अपशकुनही नाही. प्रेरणानं मान वळवून स्वराजकडे असं बघितलं की तो खिडकीबाहेर लोहगड बघत बसला.

तिच्या मनानं मात्र हिशेब मांडून ठेवला. वर्षअखेरीला एका मोठ्या स्टड फार्मवर कॉलेजातून एकालाच कायमची नोकरी मिळायची होती. ज्याचा घोडा उत्तम, त्याचं नाव जाणार. वर्गात नाव घेण्यासारखी दोनच मुलं, ती आणि स्वराज. आणि तागड्यात, म्हणजे घोडे बांधायच्या लांब छपरात, बघितलं तर शेवंतीसारखं जनावर दुसरं नव्हतं. म्हणजे हा अपशकुनाच्या गोष्टी सांगून घोडी सोडवायला बघतोय. वा रे पठ्ठ्या!

रविवारी पप्पा डबा घेऊन आले. लोकलनं मळवलीपर्यंत आणि तिथून मिळेल त्या गाडीनं, असे ते दर रविवारी यायचे. सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी खाता खाता तिनं आसूढाळची सगळी गोष्ट स्वराजच्या आवाजात करून दाखवली. पप्पा हसले. जरा उशिरा हसले, पण हसले. मग म्हणाले, "बघू तरी तुझी घोडी," आणि तागड्यात जाऊन शेवंतीच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"मारत नाही ना?"

"पप्पा, ती गरीब आहे हो. हात फिरवा."

त्यांनी भीत भीत हात फिरवला. त्यानंतर दर रविवारी ते डब्याबरोबर गुळाचा खडाही आणू लागले. प्रेरणाला इतकं बरं वाटलं! सुहास गेल्यापासून पप्पांना कशात रस वाटलेला तिनं पाहिला नव्हता.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी खरारा करताना तिला दिसलं, की शेवंतीच्या डाव्या डोळ्याखालचे केस चिकटलेत आणि कातडी टणक झालीय. माशी चावली असेल म्हणून तिनं धुऊन मलम लावलं. पुढच्या सोमवारी तिथे फोड होता. शेवंती तोंडाला हात लावू देईना, डोळ्यातून सारखं पाणी.

अनघा मॅडमनी चष्मा वर सरकवून नीट बघितलं.

"ही माशी नाही. कातडं भाजलंय. ही काळी तेलकट कड बघ. कुणीतरी बिब्बा लावलाय."

बिब्बा कुणाला माहीत नाही! किराणा दुकानात मिळतो. सुईला टोचून दिव्यावर धरला की काळं तेल सुटतं, आणि त्याचा थेंब कातडीवर पडला की फोड आलाच. मॅडम म्हणाल्या, हे तेल डोळ्यात उतरलं असतं तर डोळा गेला असता. आणि मग त्यांनी प्रेरणाकडे वळून सांगितलं, "ज्याचा घोडा त्याची जबाबदारी, हा इथला नियम आहे. तू केलंस असं मी म्हणत नाही. पण पुन्हा झालं तर शेवंती तुझ्याकडे राहणार नाही आणि स्टड फार्मसाठी तुझं नावही जाणार नाही."

झालं. आधीच मर्कट, तशात मद्य प्यायलं. प्रेरणानं त्या आठवड्यात कुणाकुणावर संशय घेतला म्हणून सांगू! कोंडाजीभाऊ, तागड्याचे जुने सईस, त्यांच्या पिशवीला नेहमी कसला तरी वास येतो म्हणून. तळेगावची पायल, ती घोड्यांच्या जवळ जाताना इकडेतिकडे बघते म्हणून. ती बिचारी लाथेला भीत होती. एकदा तर रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिचा खुद्द अनघा मॅडमवरही संशय घेऊन झाला. जेवण गोड लागेना. कुणी शेवंतीच्या बाजूनं गेलं की ही ओंजळभर चंदीचा दाणा घेऊन उगाच मागे मागे.

फिरून फिरून गाडी स्वराजवरच यायची. जखम सोमवारी दिसते, म्हणजे काम रविवारी होतं. रविवारी बाकीचे घरी जातात, स्वराज मात्र कोंडाजीभाऊंना चारा टाकायला थांबतो. नेमक्या भोवऱ्यावर डाग. भोवऱ्याचं माहीत कुणाला? त्यालाच. काका व्यापारी, खोड मिटवली की घोडीचा भाव चढणार, आणि वर प्रेरणाचं नाव कटणार. एका दगडात दोन पक्षी. तिला तो इतका स्पष्ट दिसायला लागला की पुरावा मिळणं ही नुसती औपचारिकता उरली.

पुरावा मिळवायला तिनं गाठ वापरली. घोडा बांधायची कॉलेजची एक गाठ आहे. कितीही ताण पडू दे, सुटं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. घोडा बिथरून अडकला तर त्याचा जीव वाचतो म्हणून पहिल्या आठवड्यात तीच घोटून घेतात. गावाकडून आलेल्यांचा हात मात्र जुन्या वळणावर जातो. स्वराजला त्यासाठी मॅडमनी दहादा टोकलेलं. रविवारी पप्पा यायच्या आधी प्रेरणानं शेवंतीला कॉलेजच्या गाठीनं बांधलं आणि टोक कसं लोंबतंय ते डोळ्यांत भरून घेतलं. जो कुणी बिब्बा लावील त्याला घोडीचं डोकं खांबाला आखडून बांधावं लागेल. म्हणजे गाठ सोडावी लागेल. आणि परत बांधताना माणूस आपल्याच हातची बांधणार.

पप्पा आले, जेवण झालं. खोगिरांना तेल लावायचं तिचं काम राहिलं होतं. पप्पा म्हणाले, "तू ये करून. मी इथंच सावलीला बसतो." तेल लावून ती आली, पप्पांना फाटकापर्यंत सोडून आली, उजव्या हाताच्या बोटाला चटका बसलाय म्हणाले म्हणून त्यावर मलमही लावून दिलं. "स्टेशनातल्या किटलीचा," ते म्हणाले. आणि संध्याकाळच्या चंदीला ती शेवंतीपाशी गेली तर डोळ्याखाली ताजा काळा थेंब ओघळलेला, घोडी थरथरतेय आणि खांबाला दुसरीच गाठ. दोन वेढे देऊन टोक आत खोचलेलं, ओढावं तितकं आवळत जाणारं. बैलाच्या दावणीची गाठ.

शेजारच्या खणात स्वराज कडबा टाकत होता.

"सापडलास," प्रेरणा म्हणाली.

मॅडम आल्या, कोंडाजीभाऊ आले, घरून परतलेली मुलं पिशव्यांसकट गोळा झाली. प्रेरणानं वकिलासारखं सगळं मांडलं: रविवार, भोवरा, काका, नोकरी, गाठ. स्वराजचा चेहरा आधी लाल झाला, मग पडला.

"मॅडम, गाठ माझ्या हातची हाय तशीच हाय, मी कशाला खोटं बोलू. पन ही मी बांधली न्हाई. आन एक सांगू? घोडंवाला मानूस हे करनारच न्हाई. खोडीचं घोडं आमी इकून टाकू, सोडून दिऊ. पन भोवरा मिटवत न्हाईत. मिटवला तर तो मिटवनाऱ्याच्या मागं लागतोय, असं आमच्यात मानत्यात. सोपानकाकाला इचारा. ज्याला घोड्यातलं कायबी कळत न्हाई, त्याचं काम हाय हे."

"आता ही नवी भाकडकथा," प्रेरणा म्हणाली, आणि दोनचार जण हसले.

मॅडम हसल्या नाहीत. पण गाठ समोर होती. स्वराजला तागड्यात यायला बंदी झाली आणि पुढच्या सोमवारी ट्रस्टच्या माणसांपुढे त्याला कोर्समधून काढायचं की नाही ते ठरणार, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सोपानकाका मोटरसायकलवरून आले, ऑफिसच्या दारात टोपी हातात धरून उभे राहिले. म्हणाले, आमच्या घरात हे पहिलंच पोर कागदाचं शिकतंय, चोर म्हणून काढू नका. प्रेरणानं ते लांबून बघितलं आणि ती खोगिरं पुसत राहिली.

ती जिंकली होती, पण आठवडा काही सुखाचा गेला नाही. शेवंतीचा डोळा सुजून मिटला. दर काही तासांनी थेंब घालायचे, पट्टी बदलायची. मॅडम म्हणाल्या, डोळा वाचेल की नाही ते आठवड्यानं कळेल. आणि एक गोष्ट तिला कुरतडत होती. स्वराज सामान न्यायला आला तेव्हा त्याच्या आवाजासरशी शेवंतीनं कान टवकारले आणि खिंकाळली. ज्यानं डोळ्याखाली आग लावली त्याला बघून जनावर असं करेल का? पण संशयी माणसाचं एक असतं. संशय घ्यायला वेळ लागत नाही, सोडताना जीव जातो.

रविवारी पप्पा आले. तिनं फोनवर त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. चोर कसा पकडला ते समोरासमोर सांगायचं होतं. पण ते आले तेव्हा थेंब घालायची वेळ झालेली. कोंडाजीभाऊ जेवायला गेलेले, आणि ती एकटी घोडीचं डोकं धरू शकेना.

"पप्पा, जरा हा दोर आखडून बांधा ना खांबाला."

पप्पा पुढे झाले तशी शेवंती मागे सरली. कान मानेला चिकटवले, दोर ताणला, चांगल्या डोळ्यातलं पांढरं दिसायला लागलं. पप्पांनी दोर धरला, दोन वेढे दिले आणि टोक आत खोचलं.

प्रेरणा त्या गाठीकडे बघत राहिली.

"पप्पा, ही गाठ कुठली?"

"कुठली म्हणजे? दावणीची. आपले आबा बैलं बांधायचे अशी. का गं?"

तिनं त्यांचा उजवा हात धरून उलटा केला. पहिल्या बोटाच्या टोकाला कातडी काळी पडून सुटत आली होती. तिनंच मलम लावलेलं बोट. किटलीच्या चटक्यानं कातडी काळी पडत नाही, हे तिला, बिब्ब्याचा फोड रोज धुणाऱ्या मुलीला, एव्हाना चांगलं माहीत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सगळ्या कॉलेजला तिनं वळसा घातला होता.

तिनं थेंब घातले. मग गाठ सोडायला गेली तर ती सुटेना, पप्पांनीच सोडली.

"डोळा जाईल का तिचा?" त्यांनी विचारलं.

"का केलंत, तेवढं सांगा."

पप्पा चाऱ्याच्या पेंढीवर बसले.

"मी मानत नाही," ते म्हणाले.

"मग?"

"खरंच मानत नाही गं. आज विहारात उभा राहिलो तरी तेच बोलीन. तू ते सांगितलंस तेव्हा मी हसलो की नाही? पण त्या रात्री झोप लागेना. ड्यूटीवर हिरवा झेंडा हातात आणि डोळ्यासमोर तुझी घोडी. तू तिच्यावर बसतेस, पळवतेस." त्यांनी बोटाकडे बघितलं. "आबा बैलाच्या अंगावरचा वाईट भोवरा बिब्ब्यानं जाळायचे. मी लहानपणी त्यांच्यावर चिडायचो, जनावराला कशाला त्रास म्हणून. आणि आता मीच…"

"तुम्ही रिक्षाची माळ तोडलीत ना, पप्पा? भाच्याची?"

"तोडली. आणि सुहासची गाडी अमावास्येला कुणी आणली? तो म्हणत होता, पप्पा, दोन दिवस थांबू, मित्र हसतात. मी म्हटलं, हसू दे, वस्तीला कळू दे. सगळी वस्ती बघायला आली होती. मला कळतंय, कंटेनरवाला झोपला होता. अमावास्येचा काय संबंध? तेव्हा लोक कुजबुजले तर मी एकेकाला गप्प केलं. पण एकदा न मानून बघितलं मी, प्रेरणा. दुसऱ्यांदा हिंमत झाली नाही."

प्रेरणाला त्यांचा इतका राग आला की त्यांना तिथेच सोडून निघून जावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्यांचं डोकं पोटाशी धरावंसं वाटलं. तिनं दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"मला सांगायचंत. मी घोडी बदलून घेतली असती."

"तू घेतली असतीस?"

नसतीच घेतली. उलट विहारातलं त्यांचंच भाषण त्यांना ऐकवलं असतं.

मग तिनं स्वराजचं सांगितलं. चोर पकडल्याची गोष्ट अशी सांगावी लागेल असं तिला वाटलं नव्हतं. गाठ, बंदी, उद्याची बैठक, टोपी हातात धरलेला काका. पप्पा ऐकता ऐकता उभे राहिले.

"मॅडम कुठं राहतात?"

"पप्पा, थांबा." तिनं त्यांची बाही धरली. पुढे जे मनात आलं ते तिनं बोलून दाखवलं, लपवायला पप्पांपाशी आता काही उरलंच नव्हतं. "माझं नाव जाईल. शेवंती जाईल. आणि उद्या सगळ्या मावळात होईल, रोकडेंनी घोडीचा भोवरा जाळला. तुम्हाला विहारात कोण उभं करील?"

"कुणी नाही करणार."

"मग?"

"माझ्या पोराच्या मरणाचं खापर मी अमावास्येवर फोडू दिलं नाही," पप्पा म्हणाले. "आता माझं खापर दुसऱ्याच्या पोरावर फोडू?"

बाही सुटली. तीच पुढे झाली आणि मॅडमच्या खोलीची वाट दाखवायला लागली.

सोमवारी ट्रस्टची माणसं आली. पप्पांनी नुसतं त्यांच्यापुढे सांगून भागवलं नाही. सगळ्या मुलांना बोलवा म्हणाले. रेल्वेचा निळा शर्ट घालून तागड्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "हे मी केलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. मी घाबरलो होतो." मग स्वराजपुढे गेले आणि हात जोडले. स्वराज इतका अवघडला की त्यानं वाकून त्यांच्याच पायाला हात लावला. अमावास्येचं त्यांनी तिथे काही सांगितलं नाही. ते प्रेरणाकडेच राहिलं.

स्वराजची बंदी उठली. प्रेरणाला कोर्समध्ये ठेवलं, पण मॅडमनी नियम मोडला नाही. स्टड फार्मसाठी तिचं नाव जाणार नव्हतं, आणि शेवंतीही तिच्याकडे राहणार नव्हती. डोळा वाचला होता. भोवरा मात्र गेला. मॅडम म्हणाल्या, केस आले तर पांढरे येतील.

"शेवंतीला कोण घेतंय?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांना एकदम बुटांचे बंद बांधायचे सुचले. एवढी नवी पिढी, मोबाईलवर जग बघणारी, पण भोवरा जाळल्याची गोष्ट ऐकल्यावर एकाचाही हात वर येईना. स्वराज मान खाजवत उभा होता.

"मॅडम, मी मानतो," तो शेवटी म्हणाला. "खोटं कशाला बोलू. घरी कळलं तर काका उभा करनार न्हाई. पन जनावराला आसं अर्ध्यावर सोडायचं व्हय? द्या मला."

दोर हातात द्यायला प्रेरणालाच जावं लागलं. तिनं खांबाची गाठ सोडली. एका झटक्यात सुटणारी, तिच्याच हातची. शेवंतीनं तिच्या खांद्याला तोंड घासलं, गूळ आहे का बघितलं.

"मी चुकले," ती म्हणाली. "तू सांगत होतास ते मी ऐकूनच घेतलं नाही. सगळ्यांसमोर तुला चोर ठरवलं."

"ठरवलंस खरं," स्वराज म्हणाला. "काका दोन दिस जेवला न्हाई." मग तिच्या हातातला दोर घेत, "थेंब कवा घालायचं ते सांग."

तिनं वेळा सांगितल्या. उजव्या बाजूनं जा, डावीकडून हात आला की दचकते, हेही सांगितलं. फाटकाशी पप्पा रिकाम्या डब्याची पिशवी घेऊन एकटेच उभे होते, आणि आजवर कधी दिसले नव्हते इतके म्हातारे दिसत होते. घोडी गेली, नोकरी गेली आणि मुख्य म्हणजे ज्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असं जगात कुणी उरलं नाही. डोळे भरले ते भरलेच.

स्वराज तिच्या तोंडाकडे बघायला लागला. मग त्याची नजर हळूच शेवंतीच्या डाव्या डोळ्याखाली गेली, आणि परत तिच्याकडे आली. काय चाललंय त्याच्या डोक्यात ते प्रेरणाला लख्ख कळलं.

"रडतीयास व्हय?" त्यानं विचारलं.

"नाही," प्रेरणा म्हणाली आणि बाहीनं खसकन डोळे पुसले. "कडब्याचं कूस गेलं डोळ्यात."